बत्तीसचा आकडा



दोन माणसांचं पटत नसेल तर त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे, असं आपण म्हणतो. आमच्या घरात मात्र दीड वर्ष बत्तीसचा आकडा होता. माझ्या धाकट्या बहिणीचा बीएमआय ३२ होता. त्या एका आकड्यावरून मामू आणि भाईजान यांच्यात अबोला झाला, तिच्या सासरी दोन तट पडले आणि आम्ही दोघी बहिणी फोनवर कितीदा रडलो, याची गणती नाही.

या महिन्यात याच विषयावर लिहायचं, असं ठरवलं, त्याला कारण आहे. शाळेतल्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या दावतीत, अगदी इज्तेमाच्या दालनातही हल्ली हा विषय निघतो. ‘वजन कमी करायचं ऑपरेशन म्हणे आता कमी वजनाच्या माणसांचंही करतात, खरं का?’ मी डॉक्टर नाही, मुलांना शिकवणारी बाई आहे. पण घरात एक ऑपरेशन झालं आणि एक होता होता थांबलं. दोन्ही वेळा मी कागद घेऊन बसले होते. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते. दोघींची परवानगी घेतली आहे. नावं लिहीत नाही.

बहिणीला घरात सगळे छोटी म्हणतात. वय अडतीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ७७ किलो. पाहणाऱ्याला ती ‘भरलेली’ दिसायची, लठ्ठ नाही. दोन मुलांची आई अशीच दिसते, म्हणून कोणी लक्षही दिलं नाही. पण तिला सात वर्षांपासून साखर होती. दोन प्रकारच्या गोळ्या, त्यावर वर्षभर इन्सुलिन. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ज्याला एचबीएवनसी म्हणतात ती, ९.८ च्या खाली येईना. साधारण ७ च्या आत ठेवा, असं डॉक्टर सांगतात.

आमच्या अम्मीला साखरेनेच नेलं. आधी पायाचं बोट गेलं, मग नजर अधू झाली, शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. छोटी तेव्हा अम्मीबरोबर जायची. मशीनशेजारी बसून तस्बीह ओढायची. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा तिला म्हटलं, ‘तुमच्या लघवीत प्रोटीन यायला लागलंय,’ तेव्हा तिने तिथेच विचारलं, ‘म्हणजे मी अम्मीच्या वाटेवर आहे का?’ डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, ‘वाट तीच आहे. पण तुम्ही अजून सुरुवातीला आहात, वळता येईल.’

वळायच्या मार्गांमध्ये त्यांनी शेवटी ऑपरेशनचं नाव घेतलं आणि घरात वादळ उठलं.

पहिला आक्षेप सगळ्यांचा एकच होता. ‘ती एवढी जाड कुठे आहे? हे ऑपरेशन तर दीडशे किलोवाल्यांचं.’ मलाही तसंच वाटलं. म्हणून मी आधी बीएमआय म्हणजे काय, हे समजून घेतलं. हिशोब आठवीच्या मुलालाही जमेल. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागायचं. छोटीची उंची १.५५ मीटर. ७७ भागिले १.५५, पुन्हा भागिले १.५५. उत्तर आलं ३२.

हे सूत्र डॉक्टरने शोधलेलं नाही. बेल्जियममधला केतले नावाचा गणिती १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा हिशोब मांडत होता, त्यातून ते निघालं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर त्याला १९७२ साली अमेरिकेतल्या अँसेल कीज यांच्या लेखाने दिलं. म्हणजे लोकसंख्येचा अंदाज बांधायला बनवलेली ही पट्टी. एकेका माणसाच्या पोटात चरबी किती, हे ती सांगत नाही.

आणि इथेच आपल्या पुण्याचं नाव येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण तपासणी केली तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पट्टीवर दोघे सारखे, आतून दुप्पट फरक. आपल्या लोकांचे हातपाय बारीक असतात आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठते. तीच साखरेला बोलावते. म्हणून युरोपीय माणसाला जो आकडा चालून जातो, तो आपल्याला चालत नाही. त्याच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सांगितले. आपल्याकडचे डॉक्टर तर २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. बायकांनी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांनी ९० च्या आत ठेवावी, असंही सांगतात.

आता ऑपरेशनच्या नियमाचं. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला नियम असा होता की बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ असून सोबत मोठा आजार असेल तरच ऑपरेशन करायचं. तीस वर्षं जग त्यावर चाललं. लोकांच्या डोक्यात जे ‘दीडशे किलोवाले’ बसलेत, ते या नियमामुळे. २०२२ साली सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची आणि एक आंतरराष्ट्रीय, तो बदलला. आजार नसला तरी ३५ च्या वर ऑपरेशनची शिफारस करावी, साखरेचा आजार असेल तर ३० च्या वर, आणि आशियाई लोकांसाठी हा उंबरठा २७.५ धरावा, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे छोटीचा बत्तीस ‘कमी’ होता तो जुन्या पट्टीवर. नव्या पट्टीवर ती उंबरठ्याच्या बरीच आत होती.

पण भगिनींनो, आपण आत बसतो हे कळलं म्हणून आत जायलाच हवं, असं नसतं. हे मला छोटीपेक्षा दुसऱ्या मुलीने जास्त शिकवलं. तिच्याकडे नंतर येते.

छोटी आधी एका फुकट शिबिरात गेली होती. कोणत्या हॉस्पिटलचं ते महत्त्वाचं नाही. तिथे वजन-उंची घेतली, दोन मिनिटांत आकडा काढला आणि एका गोड बोलणाऱ्या मुलीने पॅकेजचा कागद हातात दिला. ‘मॅडम, आज नाव नोंदवलं तर सवलत आहे.’ साखर किती वर्षांची, इन्सुलिन किती, घरात कोणाला काय, एकही प्रश्न नाही. छोटीने मला फोन केला. मी म्हटलं, ‘सवलत साडीवर असते गं, जठरावर नाही. घरी ये.’

मग आम्ही दुसऱ्या शहरात दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत ऑपरेशनचं नावच काढलं नाही. सगळे जुने रिपोर्ट मागितले आणि सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी करून आणायला सांगितली. स्वादुपिंड अजून स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय, ते त्यावरून कळतं. ती विहीर आटली असेल तर ऑपरेशनचा साखरेवर फारसा उपयोग होत नाही. छोटीच्या विहिरीत पाणी होतं. साखर जितकी जुनी आणि इन्सुलिन जितकं जास्त, तितका फायदा कमी, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांनी आधी आठ महिने दुसरा मार्ग धरायला लावला. आहारतज्ज्ञ, रोज पाऊण तास चालणं आणि सेमाग्लुटाइडची गोळी. छोटीने मनापासून केलं. चार किलो उतरले, मळमळीने बेजार झाली, साखर ९.८ वरून ९.१ वर आली. तिथेच थांबली. गोळी सोडल्यावर दोन महिन्यांत तीन किलो परत चढले. २०२५ पासून याच जातीची आठवड्याला एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत आणि त्यांचा परिणाम गोळीपेक्षा चांगला दिसतो. आज छोटी या वळणावर असती तर डॉक्टरांनी कदाचित ती आधी देऊन पाहिली असती. ज्यांचा बीएमआय कमी आहे त्यांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, औषध बंद केलं की वजन बहुतेकांचं परत येतं आणि महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं चालतो.

दुसरा आक्षेप मामूंचा होता. ‘अल्लाहने दिलेलं सहीसलामत जठर, ते कापायचं? हा नाशुक्रेपणा नाही का?’ मामू नमाजी माणूस, त्यांचं मन मोडायचं नव्हतं. मी त्यांना घेऊनच मुफ्तीसाहेबांकडे गेले. मुफ्तीसाहेबांनी शांतपणे एकच विचारलं, ‘बेटी, इलाज आहे की शौक?’ मी रिपोर्ट पुढे ठेवले. ते म्हणाले, जाणकार आणि भरवशाच्या डॉक्टरांनी आजारासाठी सुचवलं असेल, सोपे उपाय करून झाले असतील आणि नुकसानीपेक्षा फायद्याची आशा जास्त असेल, तर हा इलाज आहे आणि इलाज करण्याची ताकीदच आहे. पुढे मला कळलं की २००७ साली मलेशियात पुत्राजाया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीतही याच अर्थाचा ठराव झाला आहे. वजन आजाराच्या थराला गेलं असेल, दुसरा मार्ग उरला नसेल आणि अपायापासून सुरक्षितता असेल तर शस्त्रक्रियेने वजन कमी करणं जायज. निव्वळ रूप बदलण्याच्या हौसेला मात्र त्याच ठरावाने नकार दिला आहे. मामू परतताना रिक्षात गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, ‘छोटीला सांग, मी दुआ करतोय.’

तिसरा अडथळा पैशांचा होता आणि तो सर्वांत टणक निघाला. छोटीच्या नवऱ्याची आरोग्य विमा पॉलिसी होती. आम्हाला वाटलं, एवढी साखर आहे, विमा देईलच. दिला नाही, आणि चूक विम्याची म्हणता येईना. आयआरडीएआय या विमा नियामकाने २०१९ साली जे साचेबंद नियम काढले, त्यांत लिहिलेलं आहे की वजनाच्या ऑपरेशनचा खर्च मिळायचा तर बीएमआय ४० हवा, किंवा ३५ असून सोबत आटोक्यात न येणारी साखर, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास हवा, आणि साधे उपाय करून झालेले हवेत. म्हणजे डॉक्टरांची पट्टी पुढे सरकली, विम्याची जुन्याच जागी आहे. ज्यांचा बीएमआय ३५ च्या खाली आहे त्यांनी हे आधीच धरून चालावं की खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून. पॉलिसीचा कागद काढा, वजनाच्या ऑपरेशनचं कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. छोटीने दोन बांगड्या मोडल्या, भिशी उचलली, उरलेलं भाईजाननी दिलं.

भाईजाननी पैसे दिले खरे, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. ‘टेबलावर काही झालं तर? दोन लेकरं आहेत.’ मी तो प्रश्न जसाच्या तसा सर्जनना विचारला. ते चिडले नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा दाखला त्यांनी दिला, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या. त्यात ४,७७६ रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण ०.३ टक्के होतं. म्हणजे हजारात तीन. ‘धोका कमी आहे, शून्य नाही. टाके गळणं, रक्तस्राव, फुप्फुसात गुठळी जाणं, हे होऊ शकतं. न करण्यातही धोका आहे, तो हळू येतो म्हणून दिसत नाही.’ आम्हा दोघींना अम्मीचं मशीन आठवलं.

फायद्याचंही त्यांनी फुगवून सांगितलं नाही. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० साखरेच्या रुग्णांवर झालेला अभ्यास त्यांनी दाखवला. त्यातल्या रुग्णांचा बीएमआय २७ पासून ४३ पर्यंत होता, सुमारे एक तृतीयांश लोक ३५ च्या खालचे. पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याहून खाली असलेले किती? नुसत्या औषधांवर होते त्यांच्यात ५ टक्के. स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के. बायपास झालेल्यांत २९ टक्के. ऑपरेशनचा गट औषधांच्या कितीतरी पुढे आहे, हे खरं. पण शंभरातल्या सत्तर-पंच्याहत्तर जणांची साखर ऑपरेशन करूनही त्या रेषेखाली आली नव्हती, हेही तितकंच खरं. ‘साखर कायमची जाईल’ असं जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहा.

दोन ऑपरेशनांतला फरकही सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात, उरते एक केळ्याएवढी नळी. तो भाग परत लावता येत नाही, आणि काहींना नंतर आम्लपित्त, छातीत जळजळ वाढते. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्नाची वाट बदलली की आतड्यातली संप्रेरकं बदलतात, म्हणून वजन उतरायच्या आधीच साखर खाली यायला लागते. पण जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम यांची कमतरता बायपासमध्ये जास्त. छोटीला आधीपासून जळजळीचा त्रास होता आणि साखर हेच मुख्य दुखणं होतं, म्हणून बायपास ठरला.

मश्वरा झाला, मग तिने इस्तिखारा केला. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. माहिती घ्यायची नाही, विचारायचं नाही आणि थेट स्वप्नाची वाट बघायची. आपल्या हातचं होतं ते तिने आधी केलं, मग हात उचलले.

ऑपरेशन गेल्या वर्षी ऑक्टोबरात झालं. आज तिचं वजन ६१ किलो आहे. इन्सुलिन बंद, एक गोळी चालू. एचबीएवनसी ६.३. लघवीतलं प्रोटीन कमी झालंय. अल्हम्दुलिल्लाह.

पण या चौदा महिन्यांचा दुसरा हिशोबही तुम्हाला कळायला हवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. चेहरा उतरला तेव्हा कॉलनीतल्या बायका विचारायच्या, ‘कॅन्सर तर नाही ना?’ जाड माणूस बारीक झाला तर कौतुक होतं, मध्यम माणूस बारीक झाला तर लोक घाबरतात. पाणी घोटघोट, दिवसभर. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आधी अंडं, डाळ, चिकन, मासे. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर. ईदला तिने कौतुकाने वाटीभर शीरखुर्मा खाल्ला आणि पंधरा मिनिटांत घामाघूम होऊन, छाती धडधडत पलंगावर पडली. बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. आता ती एक चमचा घेते, तोंडात घोळवते आणि वाटी मुलांकडे सरकवते. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालत नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाबरोबर चहाही नाही. बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व आयुष्यभर. दरवर्षी रक्त तपासायचं, तेही आयुष्यभर. जिलेटिनच्या कॅप्सूल नको असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळीच्या किंवा पातळ स्वरूपात पर्याय बहुधा मिळतो. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद, कारण जोडावर व्रण होतात. आणि मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या भगिनींनो, तुमच्यासाठी तर पहिली अट तीच. ती सुटल्याशिवाय हे ऑपरेशन करूच नये.

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी रमजान आला. डॉक्टरांनी रोजे ठेवू दिले नाहीत. दिवसभर पाणी बंद, तर किडनीवर ताण. छोटी पहिल्या सहरीला सगळ्यांसाठी उठली, ताटं वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिला म्हटलं, आजाऱ्याला सवलत आपण दिलेली नाही, ती वरूनच आलेली आहे. त्या सवलतीला कमी लेखू नकोस. या थंडीत दिवस लहान होते तेव्हा डॉक्टरांना विचारून, एक आड एक दिवस करत, तिने कजा रोजे पूर्ण केले. येत्या रमजानसाठी आत्तापासून तपासण्या चालू आहेत. बाकीच्यांनी तिचं पाहून ठरवू नये, प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांना आणि आलिमांना विचारावं.

आता त्या दुसऱ्या मुलीकडे येते. माझ्या दिरांची मुलगी, बावीस वर्षांची, बीकॉम झालेली. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, बीएमआय २८.४. साखर नाही, बीपी नाही, थायरॉइड ठीक. दोन स्थळं ‘मुलगी थोडी जाड आहे’ म्हणून परत गेली होती. छोटीचं पाहून माझ्या जावेने मनात घेतलं, हिचंही करून टाकू. कुठूनतरी २७.५ चा आकडा तिच्या कानावर आला होता. ‘बाजी, नियमात बसते ती. डॉक्टरच म्हणतात.’

मी मुलीला एकटीला घेऊन गच्चीवर बसले. विचारलं, ‘बेटा, तुला काय वाटतं?’ ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘चाची, मला भीती वाटते. पण तिसरंही स्थळ परत गेलं तर अम्मी जेवणार नाही.’

हे ऐकून मला कळलं की इथे आजार मुलीला नाही, आम्हाला आहे.

तिला मी छोटीच्याच सर्जनकडे नेलं. जावेलाही नेलं. ते म्हणाले, ‘आकड्यात बसते, मान्य. पण मी करणार नाही. या वजनावर मी ऑपरेशन करतो ते साखर हाताबाहेर गेली तर. हिचा कुठला आजार मी बरा करणार? आयुष्यभराच्या गोळ्या, लोहाची कमतरता, हाडांची चिंता, हे सगळं बावीस वर्षांच्या निरोगी मुलीच्या अंगावर टाकायचं? शिवाय ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गरोदर राहायचं नाही. लग्नासाठी ऑपरेशन करताय आणि लग्नानंतर पहिलीच गोष्ट सासरी हीच सांगायची?’ जाऊ निरुत्तर झाली.

तिला आहाराचा तक्ता मिळाला. ती आता संध्याकाळी माझ्याबरोबर चालते. सात महिन्यांत पाच किलो उतरले आणि एका बँकेत नोकरी लागली. लग्न अजून ठरलेलं नाही. जाऊ जेवते.

एकाच घरातल्या दोघी, दोघींचाही आकडा ‘कमी’, आणि दोघींची उत्तरं वेगळी. म्हणून माझं सांगणं एवढंच की कमी बीएमआयवर ऑपरेशन करावं का, याचं उत्तर वजनकाट्यावर शोधू नका. ज्यांचं वजन मुळात कमी आहे, त्यांचे किलो कमीच उतरणार. अंग बारीक दिसावं म्हणून करायला जाल तर पदरी निराशा येईल आणि गोळ्या राहतील. आजार हटवायला करत असाल, तर निदान काय मिळवायचंय ते ठाऊक असतं.

डॉक्टरांकडे जाताना वहीत हे प्रश्न लिहून न्या. मी लिहून नेले होते.

१. माझा नेमका कोणता आजार बरा करण्यासाठी हे ऑपरेशन आहे?

२. माझी साखर किती जुनी, सी-पेप्टाइड किती, आणि माझ्यासारखीला किती फायदा होईल?

३. ऑपरेशनशिवायचे सगळे उपाय, नवी इंजेक्शनं धरून, झाले का?

४. स्लीव्ह की बायपास, आणि माझ्यासाठी तोच का?

५. कमी बीएमआयच्या किती रुग्णांचं ऑपरेशन तुम्ही केलं आहे? त्यांतल्या एकीशी मला बोलता येईल का?

६. विमा मिळणार नसेल तर एकूण खर्च किती, आणि पुढची गोळ्या-तपासण्यांची दरवर्षीची रक्कम किती?

७. मी ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत काय होईल?

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. छोटीने तो सर्वांत आधी विचारला होता. आणि जे डॉक्टर या सात प्रश्नांना कंटाळतील, त्यांच्याकडून सलाम करून उठा.

आणखी एक विनंती घरातल्या मोठ्यांना. कुणाच्या सुनेच्या, मुलीच्या अंगाकडे बघून ‘थोडी जाड आहे’ म्हणण्याआधी थांबा. आणि ‘ती कुठे एवढी जाड आहे’ असं म्हणून एखाद्या आजारी बाईचा इलाजही अडवू नका. दोन्ही वेळा आपण फक्त बाहेरून पाहत असतो.

परवा छोटी माहेरी आली होती. जेवण झाल्यावर अम्मीची जुनी तस्बीह घेऊन ओसरीवर बसली. मी विचारलं, ‘काय मागतेस?’ म्हणाली, ‘आपा, मुलांची लग्नं बघायचीत. बस्स.’

तुम्हीही दुआ करा. अल्लाह हाफिज.